वाचक घडविण्याची किंमत

१९४० चा उन्हाळा हा युरोपात फ्रान्सच्या पाडावाचा उन्हाळा होता. त्याच वर्षी युरोपच्या पश्चिम टोकावरील एका लहान, गरीब आणि युद्धापासून अलिप्त राहिलेल्या देशाच्या कायदेमंडळाने एक विलक्षण कायदा संमत केला. आयर्लंडचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा हे राजकारणात येण्यापूर्वी गणिताचे शिक्षक होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संस्था डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ‘डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीज’ ही उच्च संशोधनाची संस्था स्थापन केली. आरंभी तिचे दोनच विभाग होते. एक सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचा. हिटलरच्या राजवटीमुळे परागंदा झालेले नोबेल पारितोषिकविजेते एर्विन श्रोडिंगर त्याचे प्रमुख झाले. दुसरा विभाग केल्टिक विद्येचा, म्हणजे मुख्यतः जुन्या आयरिश भाषेचा आणि तिच्या हस्तलिखितांचा.

कायदेमंडळात या योजनेवर टीका झाली आणि वृत्तपत्रांत तिची थट्टाही झाली. केल्टिक विभागातील टी. एफ. ओ’राहिली यांनी १९४२ मध्ये असे प्रतिपादन केले की, संत पॅट्रिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती दोन होत्या. तेव्हा ‘आयरिश टाइम्स’मधील एका विख्यात विनोदी स्तंभलेखकाने शेरा मारला, की या संस्थेने आजवर दोनच शोध लावले, संत पॅट्रिक दोन होते आणि परमेश्वर मुळीच नाही! विनोद बाजूला ठेवला तरी त्यामागील प्रश्न खरा होता. ज्या देशातील तरुण पोटासाठी बोटीत बसून इंग्लंड-अमेरिकेला जात होते, त्या देशाने हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणावर पैसा का खर्च करावा?

आज तो प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा उभा आहे. आयर्लंड आता गरीब राहिलेला नाही. मध्ययुगीन आयरिशचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या, नुकतीच डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणांसाठी अभ्यासवृत्त्याही आहेत. डब्लिनच्या याच संस्थेत जॉन ओ’डोनव्हन आणि ऑस्बर्न बर्गिन या थोर अभ्यासकांच्या नावे त्या दिल्या जातात. ‘रिसर्च आयर्लंड’ ही २०२४ मध्ये दोन जुन्या मंडळांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली सरकारी यंत्रणा आणि युरोपीय संघाची मारी क्युरी योजना यांच्याकडूनही अशा वृत्त्या मिळतात. वृत्त्या असाव्यात की नसाव्यात हा आता वाद नाही. वाद त्यांच्या मुदतीचा आहे. सर्व विषयांसाठी खुल्या असलेल्या या मोठ्या स्पर्धात्मक वृत्त्या सामान्यतः एक ते दोन वर्षांच्या असतात. ज्या कामाचा परिपक्वताकाळ दशकांत मोजावा लागतो, त्याला दोन वर्षांचे भांडवल पुरविणे हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

भाषेचे स्वरूप

सामान्यतः इसवी सनाच्या ६०० ते ९०० या काळातील भाषेला प्राचीन आयरिश आणि ९०० ते १२०० या काळातील भाषेला मध्य आयरिश म्हणतात. ग्रीक व लॅटिन वगळल्यास पश्चिम युरोपात इतके जुने आणि इतके विपुल देशी वाङ्मय क्वचितच आढळते. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला या भाषेत ओळखीच्या खुणा दिसतात. तिथला राजा ‘री’ आणि षष्ठीत ‘रीग’, तो राजन् शब्दाचा सगोत्र. गाय ‘बो’, ती आपल्या ‘गो’ची बहीण. घोडा ‘एख’, तो अश्वाचा दूरचा भाऊ. ‘भरति’ या क्रियापदातील धातू तिथे ‘बेर’ म्हणून नांदतो.

मात्र ओळख इथेच संपते. ‘आणतो’ किंवा ‘देतो’ या अर्थाचे ‘दो-बेर’ हे रूप घ्यावे. त्याला नकार लावला की ते ‘नी तवर’ असे होते. आघात सरकतो, मधले स्वर गळतात, व्यंजने मृदू होतात आणि त्याच क्रियापदाला ओळखणे नवख्याला अशक्य होऊन बसते. प्रत्येक क्रियापदाची अशी दोन-दोन कुळे आहेत. त्यात सर्वनामे क्रियापदाच्या पोटात शिरतात. शिवाय बहुतेक ग्रंथ मूळ रचनेनंतर कित्येक शतकांनी उतरविलेल्या प्रतींतून हाती येतात. त्यामुळे मूळ शब्द कोणता आणि नकलकाराची भर कोणती हे ओळीगणिक ठरवावे लागते.

साहजिकच, या विषयाच्या अभ्यासकाला प्राचीन, मध्य आणि आधुनिक आयरिश यावी लागते, लॅटिन यावी लागते, जुन्या लिपीतील संक्षेपचिन्हे वाचता यावी लागतात आणि मूलभूत संशोधन जर्मनमध्ये असल्याने जर्मनही वाचता यावी लागते. डॉक्टरेट हाती येते तेव्हा तो तिशीच्या घरात असतो. तेव्हा कुठे त्याला एखादे हस्तलिखित स्वतंत्रपणे वाचता येऊ लागते. म्हणजे समाजाने आणि त्या तरुणाने मिळून केलेली दहा-बारा वर्षांची गुंतवणूक फळ देण्याच्या बेतात असते, नेमक्या त्या क्षणी अभ्यासवृत्तीचा प्रश्न उद्भवतो.

एकाच कामाची दोनदा किंमत

अपुऱ्या तयारीने काम उरकले तर काय होते याचे बोधप्रद उदाहरण आयर्लंडच्याच इतिहासात आहे. १८५२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्राचीन आयरिश कायद्यांच्या प्रकाशनासाठी आयोग नेमला. हस्तलिखितांच्या नकला करण्याचे काम जॉन ओ’डोनव्हन आणि यूजीन ओ’करी या दोन असामान्य अभ्यासकांनी केले. परंतु १८६१ व १८६२ या लागोपाठच्या दोन वर्षांत दोघेही निवर्तले. त्यांच्यामागे त्यांच्या तोडीचा वारस तयार नव्हता. तरीही आयोगाने काम रेटले आणि १८६५ ते १९०१ या काळात सहा खंड निघाले. जुन्या भाषेच्या व्याकरणाचे पुरेसे ज्ञान नसलेल्या संपादकांच्या हाती पडल्याने संहिता आणि भाषांतर या दोहोंत इतके दोष राहिले, की तज्ज्ञांनी या खंडांवर विसंबणेच सोडून दिले.

तेच काम पुन्हा करावे लागले. डॅनियल बिंची यांनी कायद्याच्या सर्व हस्तलिखितांचे नव्याने वाचन करून ‘कॉर्पस युरिस हिबेर्निकी’ हे सहा खंडांचे संपादन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशक होती डब्लिनचीच संस्था. आयोगाच्या नेमणुकीपासून विश्वसनीय संहितेपर्यंत सव्वाशे वर्षे लोटली. त्यांतली कित्येक वर्षे वाचली असती, जर ओ’डोनव्हन-ओ’करींच्या हाताखाली तरुण माणसे वेळीच शिकली असती. सरकारी खर्चाच्या हिशेबात छपाई, कागद, वेतन असे सर्व तपशील असतात. न घडलेल्या वारसाची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाही, आणि तीच सर्वांत जबर असते.

याच्या उलट, योग्य वेळी दिलेल्या मदतीचे उदाहरणही आहे. जर्मन पंडित कुनो मायर यांनी १९०३ मध्ये डब्लिनला आयरिश विद्येचे एक विद्यालय काढले. त्याच्या शिष्यवृत्तीवर कॉर्कचा एक तरुण जर्मनीला गेला आणि बर्लिन व फ्रायबुर्ग येथे हाइनरिख त्सिमर आणि रुडॉल्फ टुर्नायझेन यांच्यापाशी शिकला. हा तरुण म्हणजेच ऑस्बर्न बर्गिन. परत आल्यावर १९०९ पासून तीन दशके त्यांनी डब्लिनच्या विद्यापीठात अध्यापन केले आणि १९४० मध्ये नव्या संस्थेच्या केल्टिक विभागाचे ते पहिले संचालक झाले. टुर्नायझेन यांचे १९०९ चे जर्मन व्याकरण बर्गिन आणि बिंची यांनी इंग्रजीत आणले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असते. एका शिष्यवृत्तीचे हे फळ पदरात पडण्यास चाळीस वर्षे लागली. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निष्पत्तीचा तक्ता मागितला असता तर त्यात भरण्याजोगे फारसे काही सापडले नसते.

शब्दकोशाची कथा याहून लांबलचक आहे. रॉयल आयरिश अकादमीच्या जुन्या आयरिश शब्दकोशाचा पहिला भाग १९१३ मध्ये निघाला आणि अखेरचा १९७६ मध्ये. त्रेसष्ट वर्षांच्या या प्रवासात संपादकांच्या पिढ्या बदलल्या. काम तडीस गेले, कारण प्रत्येक पिढीत मागच्याची टिपणे वाचू शकणारा पुढचा माणूस उपलब्ध होता.

अवचित उपयोग

‘पण यातून मिळते काय?’ हा प्रश्न करदाता विचारणारच, आणि तो त्याचा अधिकार आहे. त्याचे उत्तर संस्कृतीच्या गौरवाने देण्याचा मोह अभ्यासकांना होतो. त्यापेक्षा उदाहरणे अधिक बोलकी आहेत.

सातव्या शतकाच्या सुमाराचा ‘बेखब्रेथा’ नावाचा कायदेग्रंथ केवळ मधमाश्यांविषयी आहे. एकाच्या पोळ्यातील माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, तेव्हा शेजाऱ्याला मोबदला मिळावा काय? ग्रंथकाराने पोळ्याच्या मालकाला तीन वर्षांची सूट दिली आहे. त्यानंतर शेजाऱ्यांचा नव्या थव्यावर हक्क निर्माण होतो. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये बाह्य लाभाचा सिद्धान्त मांडताना मधमाश्या आणि सफरचंदाची बाग हेच उदाहरण घेतले होते. बाजाराला न दिसणाऱ्या देवघेवीचा हिशेब कसा करावा, हा प्रश्न तेराशे वर्षांपूर्वी आयर्लंडमधील न्यायपंडितांनी स्वतःच्या पद्धतीने सोडविला होता. या ग्रंथाची विश्वसनीय आवृत्ती १९८३ मध्ये निघाली, तोपर्यंत जगातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. संपादकांपैकी एक असलेल्या फर्गस केली यांनी १९९७ मध्ये त्याच कायदेग्रंथांतून तेथील प्राचीन शेतीचे समग्र चित्र उभे केले. ज्या समाजात दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाणी पाडली गेली नव्हती आणि दंडापासून जमिनीपर्यंत सर्वांची किंमत दुभत्या गाईंत किंवा दासींच्या मोलात मांडली जात असे, त्याचा व्यवहार कसा चालत असावा हे त्यातून उमगते.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या क्षेत्रातले. आयरिश मठांतील वृत्तांतलेखकांनी इसवी सन ४३१ ते १६४९ या काळातील कडाक्याची थंडी, गोठलेली सरोवरे, अवकाळी बर्फ यांच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. २०१३ मध्ये संशोधकांनी या नोंदी ग्रीनलंडच्या हिमस्तरांतील ज्वालामुखींच्या खुणांशी ताडून पाहिल्या. बहुतेक मोठ्या उद्रेकांच्या पाठोपाठ आयर्लंडमध्ये असाधारण थंडी पडल्याचे त्यांना आढळले. ज्यांनी ही वृत्तान्तवजा हस्तलिखिते एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत डोळे फोडून वाचली आणि छापली, त्यांच्या मनात हवामानशास्त्र नव्हते. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे असे अर्थशास्त्र सांगते, त्याचा अर्थ हाच. लाभ कोणाच्या पदरात केव्हा पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तो बाजार पुरवीत नाही आणि राज्याला पुरवावा लागतो.

कलकत्त्याहून डब्लिनला

या विद्येचा भारताशी संबंधही बराच जुना आहे. व्हिटली स्टोक्स हे आयरिश कायदेपंडित १८६२ मध्ये भारतात आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधिसदस्य होते. १८८२ च्या दिवाणी व फौजदारी प्रक्रिया संहितांच्या मसुद्यांत त्यांचा मोठा वाटा होता. दिवसा भारताचे कायदे लिहिणारा हा अधिकारी उरलेल्या वेळात जुन्या आयरिशच्या संहिता संपादित करी. त्यांचे ‘गॉइडिलिका’ हे पुस्तक १८६६ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. पुढे जॉन स्ट्रॅकन यांच्यासह त्यांनी केलेला प्राचीन आयरिश टीपांचा दोन खंडांचा संग्रह आजही आधारभूत आहे.

स्टोक्स यांच्या आधी विधिसदस्य असलेले हेन्री मेन यांनी १८७५ च्या ग्रंथात आणखी एक दुवा दाखविला. आयरिश कायद्यानुसार बड्या असामीकडून येणे वसूल करायचे असेल तर धनको तिच्या दारात उपाशी बसे. त्या उपोषणाची दखल न घेणाऱ्या सरदाराला पुढे स्वतःचे हक्क कायद्याने बजावता येत नसत. धरणे धरून बसण्याची रीत मराठी वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. मेन यांना हे साम्य दिसले, परंतु मूळ भाषा येत नसल्याने त्यांना आयोगाच्या सदोष भाषांतरावर अवलंबून राहावे लागले.

डब्लिनच्या केल्टिक विभागाचे संचालक राहिलेले माइल्स डिलन यांनी केल्ट आणि आर्य यांच्या भाषा व समाज यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये, तो सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला. डिलन स्वतः तरुणपणी जर्मनीत टुर्नायझेन यांच्यापाशी शिकले होते. बव्हेरियातील योहान कास्पर त्सॉइस यांच्या १८५३ च्या व्याकरणापासून सुरू झालेली ही परंपरा अशी एका हातातून दुसऱ्या हातात, एका देशातून दुसऱ्या देशात गेली आहे.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या संदर्भात काही आक्षेप घेतले जातात. त्यांतला पहिला सर्वांत वजनदार आहे. जिवंत आयरिशच संकटात असताना मृत आयरिशवर खर्च कशासाठी? २०२२ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, परंतु शाळा-कॉलेजाबाहेर ती दररोज बोलणारे केवळ ७२ हजारांच्या आसपास निघाले. ज्या पश्चिम किनाऱ्यावर ती घरात बोलली जाते, तेथे तरुण जोडप्यांना परवडणारे घर मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही आणि तिला पंडिती उत्तर देऊन चालणार नाही. मात्र घरांचा प्रश्न काही थोड्या अभ्यासवृत्त्यांच्या पैशातून सुटणारा नव्हे. दोन्ही खर्चांची तुलनाच होऊ शकत नाही इतके त्यांचे आकारमान भिन्न आहे. किंबहुना एकाला दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी ठरविल्याने दोघांकडेही दुर्लक्ष करण्याची सबब तेवढी मिळते.

दुसरा आक्षेप असा की, हे काम परदेशी विद्यापीठे करीतच आली आहेत, मग आयर्लंडने वेगळा भार का उचलावा? इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी कुनो मायर यांनी जर्मनीचा उघड पुरस्कार केला आणि डब्लिनशी जुळलेले त्यांचे नाते तुटले. बर्लिनच्या केल्टिक अध्यासनावरील युलियस पोकोर्नी यांना त्यांच्या ज्यू वंशामुळे १९३५ मध्ये नाझींनी पदावरून दूर केले. अशा उलथापालथींसाठी युद्धच लागते असेही नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरात पैशाच्या अडचणीमुळे बंद करावयाच्या पदवी-अभ्यासक्रमांची यादी जाहीर केली, तीत केल्टिकचाही समावेश होता. दुसऱ्याच्या कोठारावर भिस्त ठेवणाऱ्याने ते कोठार केव्हा बंद होईल याचा विचार करून ठेवलेला बरा.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. हस्तलिखिते आता संगणकावर पाहता येतात, शब्दकोशही २००७ पासून तेथे उपलब्ध आहे. उद्या यंत्रे स्वतःच ही पाने वाचतील, मग माणसे कशाला? यंत्राला शिकण्यासाठी आधी माणसांनी अचूक वाचलेल्या पुष्कळ संहिता लागतात आणि प्राचीन आयरिशमध्ये त्याच थोड्या आहेत. बिंची यांच्या सहा खंडांतील कित्येक ग्रंथांना अद्याप पूर्ण भाषांतर लाभलेले नाही, आणि वैद्यकावरील आयरिश हस्तलिखितांचा मोठा भाग अप्रकाशित आहे. यंत्राने दिलेले वाचन बरोबर की चूक हे ठरविणारा कोणीतरी पुन्हा लागणारच. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, चार वादकांचे संगीत वाजविण्यास पूर्वी जितका वेळ व माणसे लागत तितकीच आजही लागतात, म्हणून इतरत्र उत्पादकता वाढत गेली की असे काम तुलनेने महाग होत जाते. संहितासंपादन याच जातीचे आहे. ते महाग वाटते म्हणून उधळपट्टीचे ठरत नाही.

मुदतीचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. समजा, एका तरुण संशोधिकेला मध्य आयरिशमधील एखाद्या ग्रंथाच्या संपादनासाठी दोन वर्षांची वृत्ती मिळाली. डब्लिनसारख्या महागड्या शहरात राहण्याची सोय लावण्यात आणि प्रती तपासण्याच्या पूर्वतयारीत पहिले काही महिने जातात. दुसरे वर्ष उजाडते तोच पुढच्या वृत्तीचे अर्ज भरावे लागतात. अर्जात प्रकाशने दाखवावी लागतात आणि संपादन तर अपुरे आहे. म्हणून ती ग्रंथ बाजूला ठेवून लहान लेख लिहू लागते. मुदत संपते, दुसऱ्या देशात दुसऱ्या विषयावर दोन वर्षे मिळतात आणि अर्धवट संपादन टिपणांच्या पेटीत राहते. असे दोन-तीन फेरे झाल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर ती एखाद्या कार्यालयात स्थिर नोकरी पत्करते. तिच्यावर झालेली सर्व गुंतवणूक त्या क्षणी बुडीत खाती जमा होते. यात तिचा दोष नाही, तिला निवडणाऱ्या समितीचाही नाही. प्रयोगशाळेच्या गतीने आखलेले वेळापत्रक हस्तलिखितांच्या विद्येला जसेच्या तसे लावल्याचा हा परिणाम आहे.

उपाय अवघड नाहीत. दोन वर्षांच्या वृत्तीला, मध्यंतरी काटेकोर परीक्षण करून, पाच वर्षांपर्यंत वाढविण्याची तरतूद असावी. मूळ संहितेचे संपादन आणि भाषांतर यांना निबंधांच्या बरोबरीचे नव्हे, त्याहून अधिक गुण असावेत. वृत्तिधारकाने आठवड्यातून निदान एक वर्ग शिकवावा, म्हणजे त्याच्या मागे उभा राहणारा विद्यार्थी तयार होईल. आणि या वृत्त्यांच्या शेवटी थोड्या का होईना कायम जागा असाव्यात. जिना चढून गेल्यावर माडीच नसेल तर जिना बांधून उपयोग काय?

याला किंमत आहे हे मान्य केले पाहिजे. निधी तेवढाच राहिला तर वृत्त्यांची मुदत वाढविल्याने संख्या घटेल आणि आज ज्यांना दोन वर्षांची तरी संधी मिळते त्यांतल्या काहींना तीही मिळणार नाही. हा अन्याय टाळायचा तर निधी वाढविणे हाच मार्ग आहे. २०२४ च्या सप्टेंबरात युरोपीय न्यायालयाने अॅपल कंपनीकडील सुमारे १३ अब्ज युरोंचा कर व्याजासह आयर्लंडचा असल्याचा निर्णय दिला. ज्या देशाच्या तिजोरीत एका निकालाने एवढी रक्कम येते, त्याला डझनभर तरुणांची आणखी तीन वर्षे परवडत नाहीत असे म्हणणे कठीण आहे. तरीही निधी वाढलाच नाही, तर थोड्यांना पुरेसा काळ देणे हे अनेकांना अपुरा काळ देण्यापेक्षा श्रेयस्कर ठरेल. अर्धी बांधलेली दहा धरणे पाणी साठवीत नाहीत, हे तत्त्व नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात फार पूर्वीपासून आहे.

१९४० मध्ये थट्टा करणाऱ्यांना गरीब देशाची ही चैन वाटली. तिच्यातून पुढे व्याकरण आले, कायद्यांचे सहा खंड आले, मधमाश्यांचा निवाडा आला. त्या वेळच्या राज्यकर्त्यांजवळ पैसा थोडा होता, परंतु वाट पाहण्याची तयारी होती. आजच्या राज्यकर्त्यांपाशी पैसा आहे. वैद्यकाच्या हस्तलिखितांतील अप्रकाशित पाने डब्लिनच्या ग्रंथालयांत अजून तशीच आहेत आणि ती वाचू शकणारी तरुण माणसे या वर्षीही अर्ज भरीत आहेत. त्यांना किती वर्षे द्यायची, एवढेच ठरवायचे आहे.